वाशिमचा हरवलेला राजा आणि माझा एक हरलेला वाद

मागच्या दिवाळीत वाशिमला गेलो होतो. फराळ झाला, दुपारच्या झोपा झाल्या आणि संध्याकाळी ओसरीवर नेहमीप्रमाणे वादाला तोंड फुटलं. विषय होता, वाशिमला वाशिम का म्हणतात.

काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गावाचं जुनं नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींनी इथे घोर तप केलं, देवांचे गुल्म म्हणजे समूह आजूबाजूला येऊन राहिले, म्हणून वत्सगुल्म. आता झालं असं होतं की अस्मादिकांनी नुकतंच तर्कदोषांवरचं एक पुस्तक वाचून संपवलं होतं. नवीन पोहायला शिकलेल्या पोराला दिसेल त्या विहिरीत उडी माराविशी वाटते, तशी माझी गत.

"काका, पिढ्यानपिढ्या सांगतात म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. आणि कामसूत्रावरच्या जयमंगला टीकेत वेगळंच आहे. तिथे वत्स आणि गुल्म हे दोन राजपुत्र आहेत. एकाच नावाच्या दोन कहाण्या, म्हणजे निदान एक तरी नावावरून मागाहून रचलेली."

इथपर्यंत ठीक होतं. पण समोरचा गप्प बसलाय म्हटल्यावर मला चेव आला. "थोडक्यात काय, पुरावा नाही. म्हणजे खोटं. विषय संपला."

काका चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग १९३८ साली तुले कोणी सांगतलं असतं का वाशिमले वाकाटकाइची राजधानी होती, सर्वसेन नावाचा राजा होता, त तू काय म्हनला असता?"

मी गप्प. कारण उत्तर ठरलेलं होतं. पुरावा नाही, म्हणजे खोटं!

ही १९३८ची भानगड काय ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. पुण्याला परत आल्यावर दोन शनिवार-रविवार त्यात घालवले. जे वाचलं ते मला त्या पुस्तकातल्या सगळ्या तर्कदोषांपेक्षा जास्त शिकवून गेलं, म्हणून इथे सांगतोय.

अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. ते लेणं वराहदेवाने दान दिलं. हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. लेखात वाकाटकांची वंशावळ दिली आहे, पण दगड झिजलेला आणि कित्येक अक्षरं उडालेली.

एकोणिसाव्या शतकात विद्वान हा लेख वाचायला बसले, तेव्हा वाकाटकांच्या मुख्य शाखेची वंशावळ त्यांच्या हाताशी होती. १८६८ मध्ये आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकला ताम्रपट सापडला होता. त्यात प्रवरसेनानंतर रुद्रसेन, मग पृथिवीषेण अशी नावं येतात. अजिंठ्याच्या लेखातही प्रवरसेन होता. त्याच्या पुढची अक्षरं पुसट, शेवटी 'सेन'. मग काय असणार? ब्यूलरच्या १८८३ साली छापलेल्या वाचनात तिथे 'रुद्रसेन' आला. त्याच्या पुढचं पुसट नाव 'पृथिवीषेण' झालं. यादी छान जुळली.

ब्यूलर काही ऐरागैरा नव्हता. जुन्या भारतीय लिप्या वाचण्यात त्याचा हात धरणारे त्या काळी मोजकेच. पण त्याच्यासमोर एक तुटकी ओळ होती आणि मनात एक पूर्ण यादी. आता गंमत बघा. ताम्रपटावरून शिलालेख वाचायचा, आणि मग शिलालेख ताम्रपटाशी जुळतो म्हणून निश्चिंत व्हायचं! दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगताहेत असं वाटतं, पण दुसऱ्याला पहिल्यानेच पढवलेलं असतं.

गौतमाच्या न्यायसूत्रांत पाच हेत्वाभास सांगितले आहेत, म्हणजे हेतूसारखे दिसणारे पण हेतू नसलेले. त्यातला एक साध्यसम. जे सिद्ध करायचं आहे त्याच्याइतकीच जी गोष्ट स्वतः असिद्ध आहे, तीच कारण म्हणून पुढे करणं. साहेबाच्या पुस्तकात मी जो दोष शिकलो त्याच्या अगदी जवळचा, तोही आपल्याकडे दीड हजारांहून जास्त वर्षं पडून असलेला.

मग १९३९ साल उजाडलं आणि वाशिमला ताम्रपट सापडला. वत्सगुल्माहून दिलेला, विंध्यशक्ती नावाच्या राजाच्या ३७व्या राज्यवर्षातला. भाषा काही संस्कृत, काही प्राकृत. त्यात वंशावळ स्पष्ट होती: प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन, त्याचा मुलगा विंध्यशक्ती. म्हणजे वाकाटकांची एक वेगळी शाखा होती आणि तिची राजधानी वाशिम होती.

यानंतर वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला. जिथे रुद्रसेन वाचला होता तिथे सर्वसेन होता. जिथे पृथिवीषेण वाचला होता तिथे विंध्यसेन, म्हणजे आपला विंध्यशक्तीच. हरिषेण या वत्सगुल्म शाखेचा निघाला. म्हणजे वाशिमच्या राजांची नावं त्या दगडात होतीच, तेही ती वाचली जात असताना! आणि सर्वसेन हे नाव काही कुणी ऐकलंच नव्हतं असंही नाही. त्याच्या 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा उल्लेख नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने केला आहे. पण तो कवींच्या यादीत होता. राजांच्या यादीत त्याला शोधायला कोण जाणार?

उलट्या बाजूचा खड्डाही आहे बरं का. प्रवीर म्हणजे प्रवरसेनाची चार मुलं राजे झाली असं पुराणं सांगतात. दोन शाखा सापडल्या, तेव्हा 'पुराणातलं सगळं खरं' म्हणायचा मोह होतो. पण दोन सापडल्या म्हणजे दोनच सापडल्या. आणि ताम्रपटाने राजधानी सिद्ध केली, वत्स ऋषी नाही. फोनवर काकांना हे म्हटलं, तर त्यांनी लगेच मान्य केलं. वर म्हणाले, "म्या ऋषी सिद्ध केले असं कधी म्हनलं? तू खोटे म्हनला, त्याले हरकत घेतली."

आता जरा लाज वाटणारी गोष्ट. काही वर्षांपूर्वी, एका जुन्या नोकरीत, रात्री दोन वाजता आमची सिस्टीम कोसळली. लॉगमधली एरर अर्धवट कापलेली होती, मोड्यूलच्या नावाची शेवटची चार-पाच अक्षरं तेवढी दिसत होती. टीममधल्या एका नवीन मुलाने त्याच आठवड्यात एका मोड्यूलमध्ये बदल केले होते आणि त्याचा शेवटही तसाच होता. मी ते नाव 'वाचलं' आणि सगळ्यांना सीसी करून त्याला मेल ठोकली. सकाळी पूर्ण लॉग मिळाला. मोड्यूल दुसरंच होतं, आणि त्यातला शेवटचा बदल माझा होता. मी माफी मागितली, तीही सगळ्यांना सीसी करून. पण पुढचे काही महिने तो मुलगा मीटिंगमध्ये फारसा बोलला नाही.

त्या रात्री मी कुणावर वैयक्तिक टीका केली नव्हती, परंपरेचा दाखला दिला नव्हता, आरडाओरडाही केला नव्हता. पुस्तकातले ठळक दोष दुसऱ्याच्या बोलण्यात चटकन दिसतात, कारण ते वादात होतात. हा दोष वाद सुरू व्हायच्या आधीच, वाचतानाच होऊन जातो. ब्यूलरच्या घाईची किंमत एका राजघराण्याने ५६ वर्षं मोजली. माझ्या घाईची एका पोराने.

तेव्हापासून स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावून घेतोय. माझ्या मनात आधीपासून नाव नसतं, तर ही तुटकी ओळ मी अशीच वाचली असती का? उत्तर 'नाही' आलं, तर ती ओळ तुटकीच ठेवायची, आणि पूर्ण लॉग येईपर्यंत मेल पाठवायची नाही.

असो. यंदाच्या दिवाळीला पुन्हा वाशिम. तर्कदोषांचं पुस्तक या वेळी पुण्यालाच ठेवून जाणार आहे :-)