गोल्फ कार्ट आणि मोटारी एकाच रस्त्यावर : अपघात कसे टाळतात?

गोल्फ कार्ट आपण साधारणपणे विमानतळावर किंवा रिसॉर्टमध्ये पाहतो. अमेरिकेत मात्र अशी गावं आहेत जिथे लोक दूध आणायला, डॉक्टरकडे जायला, अगदी शाळेतसुद्धा कार्टने जातात. जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळचं पीचट्री सिटी आणि फ्लोरिडातली 'द व्हिलेजेस' ही निवृत्त लोकांची प्रचंड वसाहत, ही त्यातली दोन ठळक नावं. गाडी छोटी, आवाज नाही, पार्किंगची कटकट नाही. अडचण एकच, त्याच भागात मोटारी आणि ट्रकही धावतात.

धोका नेमका कशात आहे?

कार्ट हळू चालते म्हणून ती सुरक्षित, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर मोकळ्या रस्त्यावर तिचं हळू चालणं हाच धोका ठरतो. साधी गोल्फ कार्ट ताशी ३२ किलोमीटरच्या (२० मैल) आतच चालते. मागून ताशी ५६ किलोमीटरने (३५ मैल) कार आली, तर दोघींमधलं ३० मीटरचं अंतर साडेचार सेकंदांत संपतं. कारचा वेग ८० असेल तर सव्वादोन सेकंदांतच. तेवढ्यात कारचालकाने मोबाईलकडे नजर टाकली, की झालंच!

रस्ता ओलांडताना तर हे आणखी जड जातं. थांबलेल्या कार्टला चार लेनचा रस्ता पार करायला समजा सहा सेकंद लागले. ताशी ७२ किलोमीटरने येणारी कार तेवढ्या वेळात १२० मीटर पुढे आलेली असते. आपण निघालो तेव्हा ती 'लांब' दिसत होती, आणि गफलत तिथेच होते.

दुसरा धोका धडकेशिवायचा आहे, पडण्याचा. कार्टला दारं नसतात, बऱ्याच गाड्यांना पट्टेही नसतात. चालक डावीकडे बसतो. त्याने डावीकडे झटकन वळण घेतलं की उजवीकडचा प्रवासी बाहेर फेकला जाऊ शकतो. लहान मुलांचे पाय खाली टेकत नाहीत, दांडा हाताला येत नाही, त्यामुळे ती आधी पडतात. मागे तोंड करून बसायच्या सीटवर तर नुसता ॲक्सिलरेटर जोरात दाबला तरी तोल जातो. आणि अनेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर वेगात असताना ते करकचून दाबले तर मागची बाजू घसरून गाडी आडवी फिरते.

गोल्फ कार्ट की 'लो-स्पीड व्हेईकल'?

दिसायला जवळपास सारख्या, पण अमेरिकी कायद्यात या दोन वेगळ्या गाड्या आहेत. १९९८ साली तिथल्या केंद्र सरकारने ताशी २० ते २५ मैल वेगाच्या चारचाकींसाठी वेगळा वर्ग केला, तो म्हणजे लो-स्पीड व्हेईकल किंवा एलएसव्ही. हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, आरसे, समोरची काच, पार्किंग ब्रेक, सीटबेल्ट आणि ओळख क्रमांक हे सगळं तिला बंधनकारक आहे. पुढे मागचा कॅमेराही आला. फ्लोरिडात अशी गाडी ३५ मैलांपर्यंतची मर्यादा असलेल्या रस्त्यांवर चालवता येते, मात्र नोंदणी, विमा आणि लायसन्स लागतं.

इथे एक मेख आहे. या नियमात मोटारींसारखी धडकेची चाचणी नाही. २०१० साली तिथल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने जेम ई-टू या एलएसव्हीला बाजूने धडक देऊन पाहिलं. आत बसवलेल्या पुतळ्याच्या नोंदी गंभीर इजा दाखवत होत्या. थोडक्यात, दिवे आणि आरशांमुळे अपघात होण्याची शक्यता कमी होते. झालाच तर ते वाचवत नाहीत. म्हणून मला तरी गाडीत बदल करण्यापेक्षा रस्त्यात बदल करणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

रस्ता वेगळा केला तर?

पीचट्री सिटीने नेमकं हेच केलं. तिथे १६० किलोमीटरच्या आसपास वेगळ्या पायवाटांचं जाळं आहे. घरं, दुकानं, शाळा त्याला जोडलेल्या आहेत. मोठा हमरस्ता मध्ये आला की वाट बोगद्यातून किंवा पुलावरून जाते. वर आपण जो सहा सेकंदांचा हिशोब केला, तो तिथे करावाच लागत नाही. द व्हिलेजेसमध्येही असे बोगदे आहेत आणि हमरस्त्यावरून जाणारा खास कार्टचा पूल आहे.

अर्थात ही जादूची कांडी नाही. त्याच वाटेवर चालणारे, सायकलवाले आणि कुत्रा फिरवणारे असतात. रस्त्यावर दुबळी असलेली कार्ट इथे दांडगी होते. म्हणजे वाटेवरही वेगाचं भान हवंच.

जिथे वेगळी वाट शक्य नाही, तिथे मोटारींचा वेग उतरवावा लागतो. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ३५ मैलांऐवजी २५ मैलांवर ती जवळपास निम्मी होते. मात्र नुसत्या पाटीने वेग कमी होत नाही. अरुंद लेन, उंचवटा दिलेलं क्रॉसिंग, छोटं वर्तुळाकार चौक असं काहीतरी लागतं. रस्त्याच्या कडेला नुसता पांढरा पट्टा मारून 'ही कार्टची लेन' म्हणणं मला तरी अर्धवट काम वाटतं. चौकाजवळ तो पट्टा संपतो आणि कार्टला मोटारींत घुसावं लागतं.

तंत्रज्ञान कुठे कामाला येतं?

इलेक्ट्रिक कार्टचा वेग मोटरचा कंट्रोलर ठरवतो. गोल्फ कोर्सवरच्या भाड्याच्या गाड्यांमध्ये जीपीएस असतं, ठरावीक हद्दीत गाडी आपोआप मंद होते किंवा थांबते. हेच शाळेजवळच्या वाटेवर वापरणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. उतारावर मोटरच गाडीला रोखून धरते ती रिजनरेटिव्ह ब्रेकिंगची सोयही उपयोगी आहे, कारण मागच्या ब्रेकवरचा भार हलका होतो.

उलटा प्रकारही चालतो. हौशी लोक कंट्रोलरची मर्यादा काढतात, मोठी चाकं लावतात, गाडी उंच करतात. वेग वाढतो, पण ब्रेक तेच राहतात. उंचीमुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो.

कोण चालवू शकतं?

फ्लोरिडात १ ऑक्टोबर २०२३ पासून १८ वर्षांखालच्यांना साधी गोल्फ कार्ट सार्वजनिक रस्त्यावर चालवायला लर्नर परमिट किंवा लायसन्स लागतं. १८ च्या वरच्यांना सरकारी फोटो ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं. मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आपल्या आईबाबांना कार्ट हे खेळणं वाटतं, म्हणून हे सांगून ठेवलेलं बरं. नियम राज्यागणिक आणि शहरागणिक बदलतात, तेव्हा आधी तिथल्या नगरपालिकेचा नियम पाहा. आणखी एक, आपल्याकडे डावं वळण सोपं असतं. तिथे वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे डावीकडे वळताना समोरून येणाऱ्या गाड्यांच्या आडवं जावं लागतं, आणि नेमका त्याच वळणावर शेजारी बसलेला माणूस बाहेर झुकतो.