फोनवर वाय-फाय चालतंय, पण लॅपटॉपवर नेट नाही? आधी आयपी अ‍ॅड्रेस बघा

लॅपटॉप वाय-फायला कनेक्ट झालेला दिसतो, पण एकही वेबसाईट उघडत नाही, असं तुमच्यासोबतही झालं असेल. मी सुट्टीत होस्टेलवरून घरी आलो तेव्हा नेमकं हेच झालं. धाकट्या बहिणीच्या स्कॉलरशिप फॉर्मची शेवटची तारीख, रात्रीचे साडेनऊ वाजलेले, सगळी कागदपत्रं स्कॅन करून माझ्या लॅपटॉपमध्ये, आणि वाय-फायच्या नावाखाली 'नो इंटरनेट'.

बाबा म्हणाले, "राउटर बंद करून चालू कर." केलं, काही फरक नाही. तेवढ्यात बहीण म्हणाली, "दादा, माझ्या फोनवर तर चालतंय की." मग आधी तिच्या फोनचा मोबाईल डेटा बंद करून पाहिलं. हे नक्की करा, नाहीतर फोन गुपचूप डेटावर चालतो आणि आपण फसतो. तरीही नेट चालू होतं. म्हणजे लाईन, राउटर, पासवर्ड सगळं ठीक, घोळ लॅपटॉपमध्ये. फोनवरही चालत नसतं, तर नेटवाल्याला फोन लावायचा होता.

घाईचं काम असेल तर दुरुस्ती नंतर. अँड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण फोन वाय-फायवर असेल तर बहुतेक फोन तेच वाय-फायचं नेट केबलमधून लॅपटॉपला देतात, मोबाईल डेटा खर्च होत नाही. फक्त चार्जिंगपुरती असलेली केबल इथे चालत नाही. आमचा फॉर्म असाच भरला गेला.

मग निवांत बसून शोधलं. विंडोजच्या स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि तिथे आयपीकॉन्फिग लिहा, इंग्रजीत, एकही स्पेस न देता. वाय-फायच्या भागात आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस बघा. राउटर प्रत्येक डिव्हाइसला असा एक नंबर आपोआप देतो, त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात.

नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून नंबर मिळालाच नाही, विंडोजने स्वतःच एक घेतलाय. तेव्हा ते वाय-फाय 'फर्गेट' करून पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. 'मीडिया डिसकनेक्टेड' दिसलं, तर लॅपटॉप जोडलेलाच नाही. एअरप्लेन मोड चुकून दाबला गेलाय का बघा. आणि यादीत वाय-फायचं नावच दिसत नसेल, तर जुन्या लॅपटॉपना ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसत नाही, २.४ वालं निवडा.

माझं दुखणं वेगळंच निघालं. लॅपटॉपवर १९२.१६८.१.५०, आणि बहिणीच्या फोनवर, वाय-फायच्या डिटेल्समध्ये, १९२.१६८.०.१०४. घरगुती नेटवर्कवर साधारणपणे पहिले तीन आकडे सारखे लागतात. इथे तिसराच वेगळा, म्हणजे लॅपटॉप राउटरला भलत्याच गल्लीत शोधत होता. मग आठवलं, होस्टेलमध्ये एका सीनियरने हा नंबर हाताने टाकून दिला होता! विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज असं जा. आयपी असाइनमेंटसमोर 'मॅन्युअल' दिसलं तर एडिट करून 'ऑटोमॅटिक' करा. डीएनएसचंही तसंच. अर्ध्या मिनिटात नेट चालू.

नंबर बरोबर असूनही साईट उघडत नसतील, तर लॅपटॉपची तारीख आणि वेळ तपासा. ती चुकली की ब्राउझर चांगल्या साईटलाही असुरक्षित म्हणतो.

नेटवर्क रिसेट मात्र शेवटी. व्हिडिओवाले ते पहिल्याच मिनिटाला सांगतात, पण त्यात सेव्ह केलेले सगळे वाय-फाय पासवर्ड उडतात. माझं काम त्यानेही झालं असतं, पण होस्टेलचे नंबरही गेले असते. म्हणून बदल करण्याआधी मी त्या स्क्रीनचा फोनवर फोटो काढून ठेवला. सुट्टी संपवून परत गेलो तेव्हा तेच आकडे पुन्हा टाकावे लागले, आणि तो सीनियर तोवर पास होऊन गेला होता.