घाटाचा राजा आणि त्याचे पंच

कोंकणांतून देशावर जाणारा बोरघाट आगगाडी कर्जतेकडून चढते, तर जुनी सडक खालापूर तालुक्यांतील खोपोलीहून चढते. ही सडक मालकमसाहेबाच्या अमदानींत १८३० सालीं गाड्यांस खुली झाली. घाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं सुरू झाला. लोहमार्गाची चढण इतकी अवघड कीं, कर्जतेस गाडीच्या पाठीशीं जादा इंजिनें जोडण्याची वहिवाट पडली. तीं जोडलीं जात असतां फलाटावर उतारू निवांतपणें वडे खात, आणि या मदतीची कोणास लाज वाटत नसे. कारण ती सर्वांदेखत घेतलेली असे. सडकेवरून मात्र मुंबई–पुणें सायकल शर्यतीचे स्वार चढतात, आणि त्यांच्या पाठीशीं इंजिन नसतें. त्यांच्यांत जो प्रथम घाटमाथा गांठतो त्यास 'घाटाचा राजा' म्हणतात. त्याचें राज्य त्याच्या छातीवर आणि पोटऱ्यांवरच उभें असावें, हा त्या किताबाचा संकेत आहे.

पण एखाद्यानें औषधाच्या रूपानें गुप्त इंजिन अंगांतच जोडून घेतलें तर? आपल्या शर्यतीविषयीं किंतु घेण्याचें येथें प्रयोजन नाहीं. हा प्रश्न ज्या थोरल्या शर्यतीनें शंभर वर्षें सोसला, त्या 'तूर द फ्रान्स'चा इतिहास मात्र आपण पाहण्यासारखा आहे.

ही शर्यत १९०३ सालीं 'लोटो' नांवाच्या वृत्तपत्रानें आपला खप वाढविण्यासाठीं काढली. दुसऱ्याच वर्षीं स्वारांनीं मोटारींचा आणि आगगाडीचा आश्रय घेतल्याचा बोभाटा झाला. शर्यत संपल्यावर चार महिन्यांनीं फ्रान्सच्या सायकल संघानें पहिल्या चारहि स्वारांस बाद ठरविलें आणि एकोणीस वर्षांच्या आंरी कॉर्नेला विजयी केलें. वृत्तपत्राच्या संपादकास हा निकाल फार कडक वाटला. तसें वाटणें स्वाभाविकच होतें, कारण शर्यतीच्या लौकिकावर त्याचा खप अवलंबून होता. संघाचा खप कशावरच अवलंबून नव्हता! पंच आणि दुकानदार हे दोन निराळे असले म्हणजे काय होतें, याचें हें उदाहरण होय.

पुढें लबाडी अंगांत शिरली. १९२४ सालीं पेलिस्ये बंधूंनीं शर्यत सोडून देऊन आल्बेर लोंद्र या बातमीदारापुढें आपल्या पिशव्या उघडल्या. त्यांत कोकेन होतें, क्लोरोफॉर्म होतें, गोळ्या होत्या. १३ जुलै १९६७ रोजीं व्हांतू पर्वताच्या चढणीवर टॉम सिम्प्सन हा इंग्रज स्वार कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरांत उत्तेजक द्रव्य आढळलें. त्याचें वय अवघें २९ होतें.

तेव्हां संघांनीं तपासणी वाढविली, हें खरें. पण तपासणी वाढली म्हणजे न्याय वाढला असें होत नाहीं. १९९० नंतर रक्तांतील तांबड्या पेशी वाढविणारें ईपीओ हें औषध पसरलें. तें ओळखण्याची परीक्षा नव्हती, म्हणून आंतरराष्ट्रीय संघानें १९९७ सालीं ठरविलें कीं, रक्तांत पेशींचें प्रमाण ५० टक्क्यांवर गेल्यास स्वारास कांहीं दिवस विश्रांति द्यावी. झालें! मर्यादा हीच परवानगी ठरली. १९९८ सालीं फेस्तिना संघाची औषधांनीं भरलेली गाडी पकडली, ती पंचांनीं नव्हे, तर सीमेवरील जकातवाल्यांनीं.

लान्स आर्मस्ट्राँगचें प्रकरण याहून बोलकें आहे. १९९९ सालीं त्याच्या नमुन्यांत स्टेरॉइडचा अंश सांपडला; मागील तारखेची डॉक्टरी चिठ्ठी पुढें आली आणि संघानें ती मानली. पुढें त्याच संघानें त्याच्याकडून १,२५,००० डॉलरांच्या देणग्या स्वीकारल्या. २०१५ च्या चौकशी अहवालांत लांच दिल्याचा पुरावा मिळाला नाहीं, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. पण संघानें त्यास झुकतें माप दिलें, असा निष्कर्ष त्यांतच आहे. अखेर २०१२ सालीं अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेनें पुरावा मांडला तेव्हां त्याचीं सातहि विजेतेपदें रद्द झालीं. कुंपणच शेताकडे पाठ फिरवून उभें राहिलें, तर राखण परक्यानें करावी लागते.

सगळेच घेत होते, मग अन्याय कोणावर झाला, असें कित्येक विचारतात. हा युक्तिवाद फसवा आहे. ज्याचें प्रमाण मुळांतच ४८ आहे त्यास औषधानें थोडें मिळतें, ४० असणाऱ्यास पुष्कळ मिळतें. आणि ज्याच्यापाशीं महागडा वैद्य, त्यास सर्वांहून अधिक. शिवाय न घेणारा तर हिशेबांतूनच जातो.

आपल्याकडे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था २००५ सालीं निघाली. दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यता जागतिक संस्थेनें २०१९ सालीं स्थगित केली, ती २०२१ च्या अखेरीस परत मिळाली. २०२३ सालीं सर्व खेळांत मिळून तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकीं २१३ दोषी निघाले. दोषी सांपडले ही लाज नव्हे. झांकले जाणें ही लाज होय. २०२२ च्या कायद्यानें या संस्थेवर एका सरकारनियुक्त मंडळाची देखरेख ठेवली होती. जागतिक संस्थेनें हरकत घेतल्यावर २०२५ सालीं तो दुरुस्त करावा लागला. पदकें मोजणारा आणि नमुने मोजणारा एक नसावा, हें १९०४ सालचें तत्त्व आपणांस इतक्या उशिरा मान्य करावें लागलें.

आर्मस्ट्राँगचीं सात वर्षें विजेत्यांच्या यादींत आज रिकामीं आहेत, कारण तीं कोणास द्यावीं हें ठरविण्याइतका विश्वास उरला नव्हता. विजेत्याचा मान मागाहून काढून घेतां येतो. पण जो प्रामाणिक स्वार तिसावा येऊन, आपण कमी पडलों असें समजून घरीं परतला आणि ज्यानें सायकल कायमची भिंतीस टेकविली, त्यास कोणता संघ शोधून काढणार? खोपोलीच्या वळणावर दांडा धरून उभा राहणारा गांवचा पोरगा कदाचित् हाच असेल. पंच नेमतांना त्याचा विचार आधीं व्हावा, राजाचा नंतर.