चौधरी, जाईबाई

(१८९२ – ?). दलित स्त्रीशिक्षणाच्या आद्य कार्यकर्त्या. जन्म उमरेड (जि. नागपूर) येथे. दुष्काळामुळे कुटुंब नागपुरास आले. लग्नानंतर जाईबाईंनी नागपूर-कामठी भागात डोक्यावर ओझी वाहून हमाली केली. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना शिकवले आणि दरमहा ४ रुपयांवर शिक्षिका नेमले. पण जाईबाई अस्पृश्य आहेत हे कळताच सवर्णांनी शाळेवर बहिष्कार घातला, नोकरी गेली. पुढे १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या नागपूर अधिवेशनात दलित स्त्रियांची पंगत वेगळी मांडली गेली. सुधारणेच्या मांडवातही शिवाशीव होतीच! जाईबाईंनी त्याविरुद्ध निषेधसभा भरवली.