मदरबोर्ड : घरगुती संगीतनिर्मितीच्या संगणकासाठी निवड

संगणकाचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि बाहेरून जोडायची उपकरणे ज्या छापील सर्किटच्या पाटीवर एकत्र येतात आणि जिच्यातून त्यांना वीज मिळते, तिला मदरबोर्ड किंवा व्यवहारात नुसते ‘बोर्ड’ म्हणतात. घरी गायन-वादन ध्वनिमुद्रित करून त्याचे मिश्रण करण्यासाठी उभारलेल्या संगणकात बोर्डाची विश्वासार्हता वेगापेक्षा वक्तशीरपणावर ठरते. हिशेबाचा तक्ता क्षणभर उशिरा उघडला तर कोणाचे काही अडत नाही, पण ध्वनीचा तुकडा ठरलेल्या वेळी पोहोचला नाही तर तेथे ‘टक्’ असा आवाज येतो आणि गायकाची चांगली जमलेली तान वाया जाते.

ध्वनी संगणकात शिरतो तो सॅम्पलच्या, म्हणजे सेकंदाला 44,100 किंवा 48,000 वेळा घेतलेल्या मोजमापांच्या रूपाने. ही मोजमापे एकेकटी न हाताळता त्यांचे गठ्ठे केले जातात आणि अशा गठ्ठ्याच्या तात्पुरत्या जागेला बफर म्हणतात. बफर 128 सॅम्पलचा असेल तर 48,000 च्या दराने तो सुमारे 2.7 मिलिसेकंदांत भरतो, आणि तेवढ्या अवधीत प्रोसेसरने आधीच्या गठ्ठ्यावरील सर्व संस्कार उरकावे लागतात. बफर मोठा ठेवल्यास संगणकाला उसंत मिळते, पण हेडफोन लावून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मागाहून ऐकू येऊ लागतो. या विलंबाला लेटन्सी म्हणतात. विंडोजवर ती कमी राखण्यासाठी स्टाइनबर्ग कंपनीने 1997 मध्ये आणलेली एझिओ ही पद्धत आजही सर्रास वापरली जाते.

वक्तशीरपणा सहसा बिघडतो तो बोर्डावरील इतर चिपांमुळे. नेटवर्क, वायफाय, ब्लूटूथ अशा प्रत्येक भागाला लक्ष हवे असते तेव्हा तो प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणारा संकेत पाठवतो. त्याचे ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारे सॉफ्टवेअर, तातडीचे तेवढे लगेच करते आणि बाकीचे एका रांगेत टाकते. विंडोजमध्ये ही रांग कोणत्याही सामान्य प्रोग्रॅमच्या आधी निकाली निघत असल्यामुळे एखाद्या ड्रायव्हरने त्यात दोन-तीन मिलिसेकंद खाल्ले तर ध्वनीचा प्रोग्रॅम ताटकळतो. या अडथळ्याला डीपीसी लेटन्सी असे नाव आहे. प्रोसेसरवरचा भार वीस टक्केसुद्धा नसताना आवाज तुटतो तो बहुधा यामुळेच, आणि महागडा प्रोसेसर घेऊन तो दोष जात नाही. लेटन्सीमॉन या प्रोग्रॅममध्ये कोणते ड्रायव्हर किती वेळ घेते हे दिसते. वायफाय बंद करताच त्यातील आकडे खाली आले तर दोषाचा ठिकाणा लागतो. म्हणून संगीतासाठी जोडकामे कमी असलेला आणि नको ते भाग बायॉसमधून, म्हणजे बोर्डाच्या मूळ मांडणीतून, बंद करू देणारा बोर्ड अधिक श्रेयस्कर ठरतो. प्रोसेसरला अधूनमधून झोपवणाऱ्या वीजबचतीच्या सी-स्टेट नावाच्या अवस्थांवरही तेथे ताबा असावा, कारण झोपेतून जागे होण्यातही वेळ जातो.

ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मायक्रोफोनचा संकेत आकड्यांत बदलणारी पेटी, आज बहुतांशी यूएसबीने जोडली जाते. 24 बिटांचे 32 चॅनेल 48,000 च्या दराने पाठवायला सेकंदाला जेमतेम 37 मेगाबिट लागतात आणि जुन्या यूएसबी 2.0 ची कमाल क्षमता 480 मेगाबिट आहे. तेव्हा जोडणीच्या वेगापेक्षा तिच्या अखंडपणाला महत्त्व द्यावे. फायरवायर या जुन्या जोडणीच्या काळात अनेक इंटरफेस-निर्माते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचीच नियंत्रक चिप असावी असा आग्रह धरत, त्याचे कारण हेच होते. नव्या चिपसेटमधील, म्हणजे बोर्डावरील जोडण्या सांभाळणाऱ्या मुख्य चिपांमधील, दोष कधीकधी विक्रीनंतरच उघड होतात: जानेवारी 2011 मध्ये इंटेलने 6 मालिकेच्या चिपसेटमध्ये डिस्कच्या काही साटा जोडण्या कालांतराने क्षीण होण्याचा दोष जाहीर केला, तर 2021 मध्ये एएमडीने 500 मालिकेच्या बोर्डांवर यूएसबी अधूनमधून तुटत असल्याचे मान्य करून बायॉसच्या नव्या आवृत्तीतून उपाय दिला. बाजारात नुकताच आलेला चिपसेट काही महिने जाऊ देऊन घेण्यात म्हणूनच शहाणपण आहे.

प्रोसेसरला लागणारा एका व्होल्टच्या आसपासचा दाब व्हीआरएम हा बोर्डावरील भाग तयार करतो. मिश्रणाच्या वेळी तासन्‌तास भार राहत असल्याने त्यावर धातूचे भरीव उष्णताशोषक असणे आवश्यक आहे. 2000 नंतरच्या काही वर्षांत हा दाब स्थिर राखणाऱ्या सदोष द्रव-विद्युतअपघटनी कपॅसिटरांमुळे असंख्य बोर्ड निकामी झाले. त्यांच्या चपट्या माथ्यावरील खाचा फुगून उकलत आणि तपकिरी द्रव बाहेर येई. जुना बोर्ड विकत घेताना हे माथे बोटाने चाचपून पाहावेत. नव्या बोर्डांवर बहुधा घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात.

गायक आणि संगणक एकाच खोलीत असतील तर शांततेलाही मोल येते. एएमडीच्या 2019 मधील एक्स570 चिपसेटच्या बहुतेक बोर्डांवर छोटा पंखा आहे, आणि तानपुऱ्यासमोर ठेवलेला संवेदनशील मायक्रोफोन असा बारीक पंखाही टिपू शकतो. माउस हलवताना हेडफोनमध्ये येणारी किरकिर मात्र बहुधा यूएसबीच्या वीजमार्गातून किंवा घरातील सदोष अर्थिंगमधून येते. बोर्ड बदलण्याआधी प्लगची तिसरी पिन खरोखर जमिनीशी जोडलेली आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. बोर्डावरच्या ध्वनिचिपची जाहिरात कितीही आकर्षक असली तरी स्वतंत्र इंटरफेस वापरणाऱ्याला तिचा उपयोग नसतो आणि तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

वाद्यांचे ध्वनिसंच मेमरीत भरावे लागत असल्याने मेमरीच्या चार खाचा सोयीच्या पडतात. 305 बाय 244 मिलिमीटरचा एटीएक्स आकार त्यासाठी पुरेसा ऐसपैस आहे. एम.2 खाच वापरली की काही बोर्डांवर साटाच्या एक-दोन जोडण्या बंद होतात, हे माहितीपुस्तिकेत आधी पाहावे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत खरेदी करताना हमीचा कालावधी आणि दुकानदाराची बदलून देण्याची मुदत या दोन्ही गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात. त्या मुदतीत प्रत्यक्षात वापरायचाच इंटरफेस जोडून, बफर 64 सॅम्पलवर ठेवून, दोन-तीन तासांचे सलग ध्वनिमुद्रण करावे आणि ते हेडफोनवर अखेरपर्यंत ऐकावे.