सोड्यातली हवा आली कुठून?

सोडा म्हटलं की आपल्याला गोटीची बाटली आठवते. ती बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये काढली. पण सोड्याचं पाणी कसं करावं, याची पुस्तिका त्याआधी बरोबर शंभर वर्षं छापून आली होती.

ती लिहिली जोसेफ प्रिस्टली यांनी. १७६७ साली ते इंग्लंडातल्या लीड्स शहरात राहायला आले. शेजारीच बिअरचा कारखाना होता. तिथल्या आंबणाऱ्या पिंपांवर एक जड हवा साचून राही. जळती काडी तिच्यात धरली की विझे. त्या हवेत पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिलं, तर पाण्याला चुणचुणीत आंबूस चव येते, हे त्यांना दिसलं. हीच हवा म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड.

पण घरोघरी कुठून आणायचं बिअरचं पिंप? म्हणून पुस्तिकेत त्यांनी दुसरी रीत दिली. खडूवर गंधकाचं आम्ल टाकायचं, निघालेली हवा पाण्यात सोडायची आणि पाणी हलवायचं. आणि मधे ती हवा धरायला पिशवी कसली? डुकराच्या मूत्राशयाची!

एवढं वाचलं आणि मी पुस्तक मिटूनच ठेवलं. आपल्या घरात पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लागत नाही. कशातून आलं, कशात ठेवलं होतं, हे आधी विचारायचं, मग प्यायचं. लोक हसतात याला. पण अक्का, हाच प्रश्न तिथल्या एका डॉक्टरनेही काढला होता. जॉन मर्व्हिन नूथ यांची तक्रार अशी, की या पिशवीमुळे पाण्याला मुताचा वास लागतो. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. त्यांनी एकावर एक बसणारी तीन काचेची भांडी केली : खाली खडू आणि आम्ल, मधे पाणी. हे काचेचं यंत्र पुढे कितीतरी घरांत गेलं.

हवा पाण्यात टिकते ती गारव्याने आणि दाबाने. दाब जितका जास्त, तितका वायू पाण्यात अधिक विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. झाकण उघडलं की दाब उतरतो आणि बुडबुडे सुटतात. म्हणून पाणी आधी चांगलं गार करून घ्यावं.

या पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही बरा होईल, असं प्रिस्टलींना वाटे. तो काही होत नाही. त्यावरचं औषध आपल्या लिंबू-सोड्यातल्या लिंबात आहे!

खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळलं की फसफसतं, तीही हीच हवा. फक्त ते बंद बाटलीत करू नका, बाटली फुटते. आणि सोड्याचं यंत्र विकत घेणार असाल, तर नळकांड्यातला वायू कुठला, ते दुकानदाराला विचारा. हा वायू खताच्या कारखान्यांतून येतो, तसा मद्याच्या कारखान्यांतूनही येतो. तो हसला तर हसू दे.