सोपाऱ्याच्या पेटीतली साक्ष

"विहारात मूर्ती हवीच कशाला?" असं काही बांधव विचारतात. उत्तर आपल्या नालासोपाऱ्यातच आहे. सांची-भारहुतच्या प्राचीन शिल्पकारांनी बुद्धाची आकृती कोरली नाही. रिकामं आसन, बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा यांतूनच तथागत दाखवले. मूर्ती पुढच्या काळात आल्या.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी 'बुरुड राजाचा कोट' नावाचं टेकाड खणलं. निघाला स्तूप! त्यातल्या दगडी पेटीत मधोमध सोन्याच्या डबीत भिक्षापात्राचे मानलेले मातीचे तुकडे होते आणि भोवती धातूच्या आठ मूर्ती : सात बुद्ध नि मैत्रेय. खूण नि रूप एकाच पेटीत! पूर्वजांनी दोघांत भांडण लावलं नाही. आपणही लावू नये. मात्र मूर्तीला नवस बोलू नये. ती धम्माची आठवण आहे.